घरच्या पार्किंगमध्ये गिअरबॉक्स उतरवून क्लच बदलायचा असेल तर

क्लचचा सेट त्या मानाने महाग नसतो. गॅरेजच्या बिलात डोळ्यांत भरते ती गिअरबॉक्स उतरवण्या-चढवण्याची मजुरी. म्हणून गाडीची थोडीफार हौस असलेल्या माणसाला वाटतं, खाली पार्किंगमध्ये आपणच रविवारी उरकून टाकू. उरकतं, पण एका रविवारात नाही. जोडून सुट्ट्या आल्या असतील तेव्हाच हात घाला आणि सोमवारी ऑफिसला लोकलने जायची मनाची तयारी ठेवा.

मी हे काम जुन्या वॅगनआरवर सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये केलं आहे. खाली लिहिलेलं सगळं अशाच गाड्यांना लागू पडतं: पुढची चाकं ओढणारी, आडवं इंजिन, केबलचा क्लच, हाताचा गिअर. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. गिअरबॉक्स उतरवताना गुरुत्वाकर्षण तुमच्या बाजूने असतं, चढवताना विरुद्ध. नवखे लोक अडकतात ते चढवताना. त्यामुळे उतरवतानाचं प्रत्येक पाऊल ‘हे मला परत बसवायचं आहे’ असं म्हणतच टाका.

१. दोष खरंच क्लचचा आहे का?

हँडब्रेक कचकून ओढा, गाडीच्या पुढे-मागे कोणी उभं नाही ते बघा, तिसऱ्या गिअरमध्ये टाका आणि थोडी रेस देऊन क्लच सोडा. इंजिन धाडकन बंद पडलं तर क्लच पकडतोय. गुरगुरत चालूच राहिलं तर क्लच प्लेट घसरतेय. ही परीक्षा एकदाच घ्या. पुन्हा पुन्हा घेतलीत तर उरलीसुरली प्लेटही जाळाल.

घसरतेय म्हणून लगेच पाने काढू नका. आधी पेडलची ढील बघा, म्हणजे क्लच दाबला जाण्याआधी पेडल किती मोकळं हलतं ते. केबल फार ताणलेली असेल तर पाय नसतानाही क्लच अर्धवट दाबलेला राहतो आणि चांगली प्लेटही घसरते. पेडल जड झालंय, एवढीच तक्रार असेल तर बऱ्याचदा केबलच सुकलेली असते. ती बदलायला गिअरबॉक्सला हातही लावावा लागत नाही. गिअर पडताना कचकच होत असेल तर केबल सैल असू शकते. गाडी अख्खा पावसाळा एका जागी उभी होती आणि आता पेडल दाबूनही क्लच सुटत नाही, असं असेल तर प्लेट गंजून फ्लायव्हीलला (इंजिनबरोबर फिरणाऱ्या जड चाकाला) चिकटलेली असण्याची शक्यता मोठी. तिथेही आधी मिस्त्रीला विचारा, कधीकधी काही न उघडता सुटते.

आवाजावरूनही कळतं. पेडल दाबल्यावर घरघर सुरू होत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगवर. पेडल सोडलेलं असताना आवाज आणि दाबल्यावर बंद, तर तो बहुधा गिअरबॉक्सच्या आतल्या बेअरिंगचा. मग नुसता क्लच बदलून आवाज जाणार नाही आणि गिअरबॉक्स खोलण्याचं काम घरी करायचं नसतं.

२. या गाड्यांना घरी हात लावू नका

एएमटी (क्लचचं पेडल नसलेली) गाडी सोडून द्या. तिथे क्लच मशीन दाबते आणि नवीन प्लेट बसवल्यावर स्कॅनर लावून तिला क्लच कुठे पकडतो ते शिकवावं लागतं. ड्युअल मास (दोन भागांच्या) फ्लायव्हीलवाल्या डिझेल गाड्यांचाही नाद नको.

मुंबईत तिसरा प्रकार महत्त्वाचा: सीएनजी. बॉनेटखाली गॅसचा पाइप नेमका गिअरबॉक्सवरून जात असेल तर तो स्वतः उघडायचा नाही, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद केला असला तरी नाही. त्या पाइपात दाब अडकलेला राहतो. पाइप बाजूला न करता काम होत असेल तर व्हॉल्व्ह बंद करून पुढे जा. नाहीतर अधिकृत सीएनजी फिटरला बोलवा किंवा बेत रद्द करा.

३. जागा आणि परवानगी

रस्त्यावर हे काम करायचा विचारही करू नका. पुढची चाकं काढलेली गाडी टोइंगवाल्यांना दाखवून तुम्ही काय समजावणार? स्वतःची पार्किंगची जागा हवी, वर छप्पर हवं आणि डावी-उजवीकडे माणूस आडवा झोपू शकेल इतकी मोकळीक हवी. शेजारची गाडी दोन दिवस दुसरीकडे लावायला सांगा. बहुतेक लोक ऐकतात, आदल्या आठवड्यात विचारलं तर.

सेक्रेटरींना आधी भेटा. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “ऑइल सांडलं तर कोण पुसणार?” त्यावर तोंडी आश्वासन देऊ नका, जाड प्लास्टिकचा कागद आणि लाकडाच्या भुशाची गोणी दाखवा. वॉचमनकाकांनाही सांगून ठेवा, म्हणजे रात्री जॅकवरची गाडी बघून कोणी मुलं तिच्याखाली चेंडू शोधायला जाणार नाहीत.

जमीन नीट बघा. पेव्हर ब्लॉकवर घोडीचे (उचललेल्या गाडीखाली लावायच्या लोखंडी स्टँडचे) पाय रुततात आणि गाडी हळूहळू कलते. खाली जाड प्लायवूडचे तुकडे टाका. उतारावर काम करू नका. जून ते सप्टेंबर तर नकोच. पाणी साचणाऱ्या भागात दोन तासांच्या पावसात उघडा गिअरबॉक्स डबक्यात सापडेल.

४. सामान

चार घोड्या नसल्या तरी दोन भक्कम घोड्या हव्यातच. गाडीबरोबर आलेला कात्री जॅक चाक बदलण्यापुरता असतो. ट्रॉली जॅक आणा, दोन मिळाले तर उत्तम: एक इंजिनखाली, एक गिअरबॉक्सखाली. विटा, सिमेंटचे ब्लॉक आणि जुन्या रिमा गाडीखाली आधाराला लावणाऱ्यांचे किस्से ऐकून झाले असतील, तेवढे पुरे. वीट भाराखाली न सांगता फुटते.

पाने असे: दहापासून चोवीसपर्यंत रिंग पाने, गोटी पान्यांचा (सॉकेटचा) सेट, रॅचेट, लांब एक्स्टेन्शन, हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) नटाची मोठी गोटी, लांब टॉमी (जोर द्यायचा दांडा), टॉर्क रेंच, पकड, रबरी हातोडा, चपटी पहार. टॉर्क रेंच विकत घ्यायचा नसेल तर ओळखीच्या गॅरेजमधून मागून आणा, पण त्याच्याशिवाय काम करू नका. शिवाय गंज सोडवणारा स्प्रे, ब्रेक क्लीनर, ऑइल धरायला पसरट ट्रे, हातमोजे, चष्मा, मास्क आणि बॅटरीवर चालणारा दिवा. मोबाइलची टॉर्च दहा मिनिटांत पालथी पडते.

खरेदीचं म्हणाल तर हत्यारांसाठी मशीद बंदर स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीट गाठा. नव्या पार्ट्ससाठी ऑपेरा हाउसचा बाजार, स्टेशन चर्नी रोड. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना माल मिळतो. तिथून क्लच प्लेट चुकूनही घेऊ नका. पण तुमच्याच गाडीच्या भंगार गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट (क्लच प्लेटमध्ये शिरणारा दांडा) मिळाला तर जरूर उचला. तो पुढे कुठे कामी येतो ते नवव्या पायरीत सांगतो.

दुकानात जाताना आरसीचा फोटो जवळ ठेवा, चेसिस नंबर लागतो. एकाच नावाच्या गाडीत इंजिन बदललं की प्लेटचा व्यास आणि दात्यांची संख्या बदलते. घ्यायच्या वस्तू:

क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकाच कंपनीचा सेट म्हणून.
दोन्ही एक्सलची ऑइल सीलं, इनपुट शाफ्टचं सील आणि क्रँकचं (इंजिनच्या मुख्य दांड्याचं) मागचं सील.
हबचे नवीन नट.
मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचं गिअर ऑइल.
क्लच केबल, जुनी असेल तर.

व्हॅलिओ, लुक, एक्सेडी ही नावं दुकानदार सांगतील, तिन्ही चालतील. बनावट माल टाळायचा असेल तर पक्कं बिल घ्या आणि ‘न बसल्यास परत’ हे आधीच बोलून ठेवा. सीलं स्वस्त असतात म्हणून लोक ती टाळतात. हे मला कधी समजलेलं नाही. दोन दिवसांची मेहनत एका रबरी कड्यावर टाकायची कशाला?

आणि तुमच्या मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअल मिळवा. घट्ट करण्याचे आकडे प्रत्येक गाडीचे वेगळे असतात, ते तिथूनच घ्यायचे.

५. वरची बाजू मोकळी करा

गाडी सपाटीवर लावा, मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे, हँडब्रेक ओढलेला. चाकं जमिनीवर असतानाच हबचे नट आणि चाकांचे नट नुसते सैल करा. हबच्या नटाची कड ठोकून अडकवलेली असते. आधी ती कड छिन्नीने उचला, मग टॉमीवर जोर द्या. समुद्राजवळच्या इमारतीत उभ्या राहणाऱ्या गाड्यांना खारी हवा लागलेली असते, त्यामुळे आदल्या रात्रीच सगळ्या दिसणाऱ्या बोल्टवर गंजाचा स्प्रे मारून ठेवा.

मग बॅटरी: आधी निगेटिव्ह, नंतर पॉझिटिव्ह. बॅटरीचा ट्रे, एअर फिल्टरचा डबा, क्लचची केबल, गिअरच्या केबली किंवा दांडे, रिव्हर्सच्या स्विचचं कनेक्टर, स्पीडोमीटरची केबल किंवा सेन्सर, अर्थची तार. प्रत्येक गोष्ट सुटण्याआधी फोटो काढा. अर्थची तार बसवायची राहून गेली तर सेल्फ मारताना करंट दुसरी वाट शोधतो आणि एखादी केबल तापते.

सेल्फ म्हणजे स्टार्टर मोटर दोन बोल्टवर असते. काढून बाजूला बांधून ठेवा, वायरवर लोंबकळत सोडू नका.

बोल्टसाठी एक सोपी युक्ती. पुठ्ठ्यावर गिअरबॉक्सची बाह्यरेषा काढा आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथे भोक पाडून खोचा. बेलचे (गिअरबॉक्सच्या इंजिनला चिकटणाऱ्या घंटेसारख्या भागाचे) बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब बोल्ट छोट्या जागी पिळला तर अॅल्युमिनियम फुटतं.

६. ऑइल, चाकं, एक्सल

गाडीचा पुढचा भाग उचला, घोड्या मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी लावा आणि गाडी हाताने जोरात हलवून बघा. हलली तर पुन्हा लावा. इथे लाजायचं नाही.

ऑइल काढण्याआधी ऑइल भरायचा बोल्ट सुटतोय का ते बघा. खालचा सोडला, सगळं ऑइल गेलं आणि वरचा गंजून बसलाय हे नंतर कळलं, तर गाडी तिथेच अडकली. भरायचा सुटला की मगच खालचा सोडा. निघालेल्या ऑइलमध्ये बारीक चमचमाट असणं झिजेचं लक्षण आहे आणि चालतं; तुकडे निघाले तर गिअरबॉक्स मिस्त्रीकडेच न्यायचा आहे.

चाकं काढा. खालच्या बॉल जॉइंटचा बोल्ट काढून हब बाहेर ओढा, एक्सलचं बाहेरचं टोक सुटेल. आतलं टोक एका कडीने अडकलेलं असतं. पहारीने गिअरबॉक्स आणि जॉइंटच्या मध्ये झटका दिला की निघतं. पहार सीलच्या कडेला टेकवू नका. एक्सल ओढून काढायचा मोह आवरा, नाहीतर आतला जॉइंट सुटून त्याच्यावरच्या रबरी बूटमध्ये गोळा होतो. एबीएसची वायर ताणली जात नाही ना, तेही बघत राहा.

काही गिअरबॉक्समध्ये दोन्ही एक्सल निघाले की आतले डिफरन्शियलचे गिअर सरकतात. एक बाजू काढल्यावर त्या भोकात योग्य जाडीचा प्लास्टिकचा पाइप घालून ठेवला की चिंता नाही, धूळही जात नाही.

७. इंजिनला आधार, मग गिअरबॉक्स खाली

डावं माउंटिंग गिअरबॉक्सला धरून असतं. ते सुटलं की इंजिनचं ते टोक अधांतरी. म्हणून आधी इंजिनच्या खाली जॅक. मध्ये लाकडी फळी हवीच, कारण ऑइलचा संप (इंजिनखालची ऑइलची टाकी) पातळ पत्र्याचा असतो आणि जॅकच्या बशीने सहज चेपतो. वरून साखळीने टांगायची सोय असेल तर त्याहून चांगलं.

दुसरा जॅक गिअरबॉक्सच्या मध्यभागी. छोट्या गाडीचा गिअरबॉक्स साधारण २५ ते ३५ किलोंचा असतो. वजन उचलण्यासारखं वाटतं, पण आडवं झोपून, छातीवर, दोन हातांनी? एकट्याने करू नका. एक मित्र बाजूला हवा, आणि तो मोबाइल बघत नसावा.

खालचा पातळ पत्रा काढा, बेलचे बोल्ट काढा, वरचा एक शेवटपर्यंत ठेवा. माउंटिंग सोडा, इंजिन किंचित खाली घ्या आणि रेडिएटरचे पाइप व सायलेन्सर ताणले जात नाहीत ते बघा. शेवटचा बोल्ट काढून गिअरबॉक्स सरळ रेषेत बाजूला सरकवा. अडला तर एखादा बोल्ट विसरलाय, हे शंभरातल्या नव्वद वेळा खरं असतं. पहार मारण्याआधी सेल्फच्या मागे बघा. इनपुट शाफ्ट पूर्ण बाहेर येईपर्यंत गिअरबॉक्स खाली झुकू देऊ नका.

८. आत काय बघायचं

आत साचलेली क्लचची धूळ हवेने उडवू नका. जुन्या किंवा अनोळखी प्लेटमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. मास्क लावा, ब्रेक क्लीनर मारून ओल्या फडक्याने पुसा.

प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत सोडा. प्लेट निघाली की फ्लायव्हील बघा. निळे डाग, केसासारख्या चिरा, नखाला लागणारे चर दिसले तर लेथवाल्याकडे नेऊन फेसिंग करून (पृष्ठभाग सपाट करून) घ्या. खोल चिरा असतील तर फ्लायव्हीलच बदला. ते काढलंत तर बोल्ट नवीन घ्या.

आत ओलसर असेल तर वास घ्या. गंधकासारखा घाण वास म्हणजे गिअर ऑइल, दोष इनपुट शाफ्टच्या सीलचा. साध्या काळ्या इंजिन ऑइलसारखं असेल तर क्रँकच्या मागच्या सीलचा. ज्या ऑइलने जुनी प्लेट खाल्ली ते नवीनही खाईल. क्रँकचं सील फ्लायव्हील काढल्याशिवाय बदलता येत नाही, म्हणून फ्लायव्हील निघतच असेल तर तेही उरकून घ्या.

रिलीज बेअरिंग ढकलणारा फोर्क जिथे टेकतो तिथे खड्डा पडलाय का, शाफ्टच्या दात्यांवर पायऱ्या पडल्यात का, तेही तपासा.

९. नवीन क्लच बसवणे

जुनी आणि नवी प्लेट शेजारी ठेवा: व्यास, दाते, मधला भाग. नवी प्लेट शाफ्टवर हाताने सरकवून बघा. हे जमिनीवर करायला एक मिनिट लागतं, वर गेल्यावर कळलं तर सगळा दिवस जातो.

नवीन प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हील ब्रेक क्लीनरने स्वच्छ पुसा, कारण गंज लागू नये म्हणून त्यावर तेलाचा हात दिलेला असतो. प्लेटच्या अस्तराला ग्रीसचं बोट लावू नका. दात्यांवर ग्रीस अगदी नखभर, तेही उष्णता सोसणारं. जास्त लावलंत तर फिरताना उडून प्लेटवरच जाईल. रिलीज बेअरिंग पेट्रोलने किंवा रॉकेलने धुऊ नका. त्यातलं ग्रीस कंपनीतच भरून बंद केलेलं असतं.

प्लेटची बाजू चुकवू नका. स्प्रिंगचा फुगीर भाग सहसा गिअरबॉक्सकडे असतो आणि बऱ्याच प्लेटांवर तसं लिहिलेलं असतं. काढताना जुन्या प्लेटचा फोटो घेतला असेल तर वादच नाही.

आता तो भंगारातला शाफ्ट. प्लेट फ्लायव्हीलच्या बरोबर मध्यावर बसली नाही तर गिअरबॉक्स आत जाणारच नाही. शाफ्ट प्लेटमधून क्रँकच्या भोकात घाला, प्लेट आपोआप मध्यावर येते, आणि मग प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर दोन-तीन फेऱ्यांत घट्ट करा. शाफ्ट नसेल तर प्लास्टिकचं अलाइनमेंट टूल मिळतं, किंवा गोटी पान्यावर चिकटपट्टी गुंडाळून तेवढ्या मापाचं करता येतं. नुसत्या डोळ्याच्या अंदाजाने करणारे मिस्त्री आहेत. त्यांचा डोळा वर्षानुवर्षांचा आहे, आपला नाही.

१०. गिअरबॉक्स परत वर

सगळी परीक्षा इथे. डोकं कापलेले दोन लांब बोल्ट बेलच्या भोकांत इंजिनच्या बाजूने लावा. गिअरबॉक्स त्यांच्यावरून सरकत येतो, खाली-वर हलत नाही. डॉवेल पिना (इंजिन आणि गिअरबॉक्सची जागा जुळवणाऱ्या पिना) जागेवर आहेत याची खात्री करा.

गिअरबॉक्स एखाद्या गिअरमध्ये टाकून ठेवा. जॅकने उंची जुळवा, इंजिन आणि बेलमधली फट वर-खाली, डावी-उजवी सारखी करा. मित्राला दोन्ही एक्सलच्या भोकांतून आतले गिअर एकाच दिशेने थोडे थोडे फिरवायला सांगा, तुम्ही ढकला. दात्यांत दाते बसले की तो पुढे जातो.

बोटभर फट उरली आणि पुढे जात नाही, तेव्हा बोल्ट लावून ओढून घ्यायचा मोह होतो. तो ऐकू नका. बेलचा कान फुटतो किंवा नव्या प्लेटचा मध्य वाकतो आणि क्लच कायमचा थरथरतो. मागे घ्या, चहा प्या, कोन पुन्हा जुळवा. फट हाताच्या जोराने मिटली पाहिजे, बोल्ट फक्त धरून ठेवायला असतात.

११. जोडणी आणि ऑइल

आता सगळं उलट क्रमाने, पुठ्ठा आणि फोटो समोर ठेवून. एक्सल आत ढकलताना कडी बसल्याचा टक असा आवाज यायला हवा. मग हाताने ओढून बघा, निघता कामा नये. सीलच्या ओठाला बोटाने थोडं ऑइल लावा.

हबचा नट ब्रेक दाबून धरत पुरेसा घट्ट केल्याशिवाय गाडी चाकांवर टेकवू नका, बेअरिंग खराब होतं. अंतिम टॉर्क मॅन्युअलप्रमाणे द्या आणि कड ठोका. बॉल जॉइंटचा बोल्ट दोनदा तपासा. क्लच चुकला तर गाडी बंद पडेल, हा बोल्ट सुटला तर चाक निखळेल.

ऑइल गाडी सपाट असताना भरा, भोकातून ओघळायला लागेपर्यंत. किती लिटर बसतं ते मॅन्युअलमध्ये असतं. तेवढं बसलं नाही तर गाडी तिरकी आहे. शेवटी केबलची ढील मॅन्युअलच्या मापाला आणा. नवीन प्लेट जाड असते, जुन्या मापावर सोडलीत तर ढील जास्त राहून क्लच पूर्ण सुटणार नाही आणि गिअर कचकचतील.

१२. पहिली चक्कर

गाडी घोड्यांवर असतानाच न्यूट्रलमध्ये चालू करा, क्लच दाबून रिव्हर्स टाका. करकर न होता पडला तर बंद करून खाली उतरवा. आवारातच पुढे-मागे करून बघा, मग सकाळी सहाच्या सुमारास मोकळ्या रस्त्यावर. सुरुवातीचे काहीशे किलोमीटर अर्ध्या क्लचवर गाडी धरू नका. उड्डाणपुलाच्या चढावर ट्रॅफिकमध्ये हँडब्रेक वापरा. मुंबईत प्लेट मरते ती तिथेच.

रात्री गाडीखाली कोरडा पुठ्ठा टाका आणि सकाळी डाग बघा. आठवड्याने चाकांचे नट आणि माउंटिंगचे बोल्ट पुन्हा तपासा.

जुनं ऑइल गटारात किंवा कुंडीत ओतू नका, ते घातक कचऱ्यात मोडतं. कॅनमध्ये भरून ज्या गॅरेजमधून जुनं ऑइल रिसायकल करणाऱ्याकडे जातं तिथे द्या. जुनी प्रेशर प्लेट आणि एक्सलच्या कड्या भंगारवाल्याला चालतात, क्लच प्लेट मात्र प्लास्टिकच्या पिशवीत बांधूनच टाका.